डावा दिवा

उमरेडहून परतताना गेला.
आवाज नाही, धूर नाही,
फक्त रस्त्याची डावी कड हळूच नाहीशी झाली.
मैलाचे दगड, खड्डे, बसलेलं एखादं जनावर,
सगळं जिथल्या तिथे असणार,
माझ्या हिशेबातून वजा.

मागच्या सीटवर मेकअपची पेटी,
मुंडावळीचा तुटलेला एक सर,
नवरीच्या आईनं बळेबळे दिलेला बुंदीचा डबा.
समोरून येणारे ट्रकवाले मला बाइक समजले
आणि बाइकइतकीच जागा सोडत गेले.

वॉरंटीचे सतरा दिवस उरले होते.
एरवी मी तारखा पाहत नाही,
मुहूर्त पाहते, लोकांचे.
हे सतरा मात्र बोटांवर मोजले, दोनदा.

वर्धा रोडच्या सर्व्हिस सेंटरात
ढोमणे नावाचा पंचविशीतला मुलगा,
गळ्यात पट्टा, कपाळावर घाम,
म्हणाला, "यात बल्ब नाही बदलत मॅडम,
आख्खा हेडलाइटच बदलावा लागते."
"किती?"
त्यानं आकडा सांगितला.
तेवढ्यात मी तीन नवऱ्या नटवते,
करवल्यांसकट.
"पण तुम्हाले कायची चिंता? वॉरंटीत आहे ना.
फक्त वरून मंजुरी येऊ द्या."

मग फोटो. समोरून, बाजूनं, बोनेट उघडून.
काचेला तडा आहे का, आत ओल आहे का,
कुठे ठोकली होती का,
बाहेरच्या कोणाचा हात लागला का,
वायर कापून दुसरा हॉर्न बसवला का.
स्थळ पाहायला आलेली माणसं
शेजारणीला विचारतात तसं, आडून आडून.

"मग गेला कायनं?"
"गरमीनं जाते कधी कधी. एलईडीले सहन होत नाही."
बाहेर सेहेचाळीस.
"मग नागपुरात कायले विकता बाप्पा?"
तो हसला, पहिल्यांदाच,
आणि मागच्या केबिनकडे पाहून गप्प झाला.

मंजुरीला सहा दिवस, पार्ट यायला पाच.
लग्नं थांबत नाहीत.
कामठी, काटोल, पुन्हा उमरेड.
अकरा रात्री मी उजव्या बाजूच्या भरवशावर आले,
डावीकडे रस्ता आहे
असं धरून चालत.

बसवायला तास लागला.
उईके नावाच्या पोरानं बंपर सोडवला,
क्लिपा एका स्टीलच्या वाटीत टाकल्या, मोजून.
काढलेला दिवा मी हातात घेतला.
वजनदार. नितळ. एक ओरखडा नाही.
झोपल्यासारखा.
"हा मी नेऊ?"
"नाही ताई. वॉरंटीत बदललेलं कंपनीचं असते,
परत पाठवा लागते."
तीन वर्षं माझा होता,
बंद पडल्यावर त्यांचा झाला.
खोक्यावर माझ्या गाडीचा नंबर लिहून
त्यानं चिकटपट्टी ओढली.

तिथल्याच भिंतीवर उजेड टाकून पाहिला.
डावा पांढराफेक, निळी झाक.
उजवा तीन उन्हाळे खाल्लेला,
दुधावर साय धरावी तसा.
दोन शेडचा फरक.
"सारखेच तं आहेत," ढोमणे म्हणाला.
असतील. गाल असता तर
ओल्या स्पंजानं दोन मिनिटांत मिटवला असता.

सही केली. बिलावर शून्य रुपये,
तेही अक्षरी.

त्या रात्री एकला मनीषनगरला पोचले.
गेटवरचे सोनटक्के काका
याच महिन्यात लागलेले.
मी वळणावर दिसले की
उठून फाटक उघडून ठेवायचे,
पंखा सोडून, न विचारता.
आज स्टुलावरच बसून राहिले.

मी फाटकाशी थांबले.
दोन्ही दिवे त्यांच्या तोंडावर.
मग ते आले, डोळ्यांवर आडवा हात,
काखेत रजिस्टर.
"कोणाकडे जायचं आहे?"

काच खाली केली
आणि माझ्याच गेटवर
नाव सांगितलं,
फ्लॅट नंबरसकट.